फ्रिक्वेन्सी लावायची कशी? बटणं, नॉब, मेमरी आणि माउस

हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स नवीन हातात आलेल्या पोरांचा ठरलेला प्रश्न असतो, काका फ्रिक्वेन्सी कशी टाकायची? आणि मी दरवेळी उलट विचारतो, कशावर टाकायचीय, हँडीवर, म्हणजे हातातल्या छोट्या सेटवर, का एचएफ रिगवर, म्हणजे शॉर्टवेव्हच्या टेबलावरच्या सेटवर, आणि मुळात टाकायचीय का शोधायचीय? मग समोरचा जरा वैतागतो, साधं विचारलं तर हा माणूस सरळ उत्तर देत नाही म्हणून. पण सरळ उत्तर नाहीचे हो. लायसन्ससाठीच्या एएसओसी परीक्षेत ओहमचा नियम येतो, ऑसिलेटर येतात, क्यू कोड येतात, पण रिग समोर ठेवल्यावर कुठलं बटण दाबायचं ते कोणी विचारत नाही. आणि माझं मत असं आहे की तुम्ही फ्रिक्वेन्सीपर्यंत कसे पोचता त्यावर तुम्ही कसले ऑपरेटर होणार हे बऱ्यापैकी ठरतं. नॉब फिरवत गेलेला माणूस वाटेत दहा जणांना ऐकतो, आकडे दाबून गेलेला माणूस थेट टपकतो आणि बोलायला लागतो. दोन्ही बरोबर, फक्त कुठे काय करायचं ते कळलं पाहिजे.

हँडीपासून सुरू करू कारण बहुतेकांकडे पहिली तीच येते, स्वस्तातली चायनीज. तिच्यात दोन दुनिया आहेत, एक व्हीएफओ, म्हणजे हवी ती फ्रिक्वेन्सी थेट लावायची, आणि एक मेमरी, म्हणजे आधी भरून ठेवलेले चॅनेल, आणि मधलं दार म्हणजे व्हीएफओ/एमआर लिहिलेलं बटण, बऱ्याच मॉडेलवर नारिंगी असतं. व्हीएफओमधे असाल तर सहा आकडे दाबले की झालं, १४५५०० दाबलं की १४५.५०० येतं. मेमरीत असाल आणि तेच दाबायला गेलात तर रिग ते आकडे चॅनेल नंबर समजतो, १४५ नंबरचा चॅनेल भरलेलाच नसतो, मग काहीच घडत नाही किंवा टूंक असा आवाज येतो आणि माणूस म्हणतो हँडी खराब आहे. खराब काही नाही, तुम्ही चुकीच्या खोलीत उभे आहात. स्क्रीनवर उजवीकडे छोटा चॅनेल नंबर दिसतोय का बघा, दिसत असेल तर तुम्ही मेमरीत आहात, बटण दाबा आणि बाहेर या. त्यात परत वरची ओळ ए आणि खालची ओळ बी, आणि ज्या ओळीपाशी बाण आहे त्याच ओळीवर सगळं चालतं, पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबल्यावर ट्रान्समिटसुद्धा तिथूनच जातं. वरच्या ओळीवर ऐकत राहायचं आणि बाण खालच्या ओळीवर ठेवून बोलत सुटायचं, हा प्रकार रोज कोणीतरी करतोच.

आता मेमरीबद्दल माझी खरी तक्रार. चर्प नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, केबल लावायची, कॉम्प्युटरवर एक्सेलसारखा तक्ता भरायचा आणि हँडीत ढकलायचा, उत्तम सोय आहे, मी पण वापरतो. पण होतं असं की तो तक्ता कोणीच स्वतः भरत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल फिरत असते, ती कुठल्यातरी परदेशी माणसाने त्याच्या गावासाठी बनवलेली असते, तीच जशीच्या तशी ढकलली जाते. त्यात हमखास १४६.५२० सापडतं, अमेरिकेत ती दोन मीटर बँडची कॉलिंग फ्रिक्वेन्सी, म्हणजे हाक मारायची जागा आहे, आपल्याकडे दोन मीटर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ एवढाच, म्हणजे ती सरळ सरळ बँडच्या बाहेर. युरोपातले ४४६ मेगाहर्ट्झवाले चॅनेल असतात, अमेरिकेतले ४६२ वाले असतात, आणि आपला सत्तर सेंटीमीटर बँड ४३४ ते ४३८. स्क्रीनवर मात्र आकड्याऐवजी नाव दिसतं, सिम्प्लेक्स-१ वगैरे, कॉल-यू वगैरे, त्यामुळे आपण कुठे बोलतोय याचा पत्ताच नाही. लायसन्स तुमच्या नावावर आहे, फाइल बनवणाऱ्याच्या नाही. निदान डिस्प्ले नावाऐवजी फ्रिक्वेन्सी दाखवेल असा करून ठेवा, मेनूमधे ती सोय असते.

स्टेप ही अजून एक गंमत. स्टेप म्हणजे बाण एकदा दाबला की किती किलोहर्ट्झ पुढे जायचं ते, ५, ६.२५, १०, १२.५, २५ असे पर्याय असतात. लोकांना वाटतं हे फक्त बाणासाठी आहे, पण तुम्ही आकडे दाबता तेव्हासुद्धा रिग ते स्टेपच्या हिशोबात बसवून घेतो. स्टेप २५ ठेवली आणि १४५.८१२ दाबलं तर ते तिथे थांबणारच नाही, जवळच्या पंचवीसच्या पायरीवर जाऊन बसेल. १२.५ ठेवा, मग १४५.८१२५ बरोबर येईल, शेवटचा अर्धा किलोहर्ट्झ रिग स्वतः भरतो. हे एकदा कळलं की निम्मे प्रश्न संपतात.

याबाबतीत जुने हँडी प्रामाणिक होते. आयकॉमचा आयसी-२ए म्हणून एक हँडी १९८० च्या आसपास आला होता, त्याच्या डोक्यावर थंबव्हील होती, म्हणजे छोटी आकडे लिहिलेली चाकं, एक मेगाहर्ट्झचं, एक शंभर किलोहर्ट्झचं, एक दहा किलोहर्ट्झचं, आणि पाच किलोहर्ट्झ वाढवायला बाजूला एक सरकणारा स्विच. बस. डिस्प्ले नाही, मेनू नाही, मेमरी नाही. रिग बंद असला तरी फ्रिक्वेन्सी काय लावलीय ते दिसायचं, अंधारात नखाने खट खट मोजत बदलता यायची. मी एका काकांकडे चालू हालतीत बघितलाय आणि हातात घेऊन फिरवत बसलो होतो, द्यायला तयार नव्हते अर्थात.

रिपीटरचं, म्हणजे तुमचं बोलणं ऐकून पुन्हा हवेत पाठवणाऱ्या उंचावरच्या मशीनचं, थोडक्यात सांगतो. रिपीटरवर तुम्ही ऐकता एका फ्रिक्वेन्सीवर आणि बोलता दुसऱ्या, दोन मीटरवर साधारण ६०० किलोहर्ट्झ खाली. रिग हे शिफ्ट आपोआप करतो, पण तीन गोष्टी सांगाव्या लागतात, दिशा, म्हणजे मायनस, अंतर, म्हणजे ६००, आणि टोन, म्हणजे आवाजासोबत जाणारा खुणेचा सूर, जो तुमच्या रिपीटरला लागत असेल तर. टोन ट्रान्समिटच्या बाजूला लावा, रिसीव्हच्या बाजूला लावलात आणि रिपीटर तो परत पाठवत नसेल तर तुम्हाला कोणीच ऐकू येणार नाही आणि तुम्ही म्हणाल पुण्यात सगळे झोपलेत. आणि रिव्हर्स बटण शिका, ते दाबलं की तुम्ही रिपीटरच्या इनपुटवर ऐकता, समोरचा माणूस थेट ऐकू येत असेल तर उगाच रिपीटर कशाला अडवायचा, सिम्प्लेक्सवर, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर थेट, जा की. कर्वेनगर ते वारजे बोलायला डोंगरावरचं मशीन लागत नाही.

एचएफवर आलात की हे सगळं डोक्यातून काढून टाकायचं. हँडीवरचं व्हीएचएफ एफएम म्हणजे पीएमपी बसचे स्टॉप, ठरलेल्या जागी उभं राहायचं, मधे कुठे बस थांबत नाही. एचएफवर स्टॉपच नाहीत. चाळीस मीटर बँडवर ७.००० पासून ७.२०० मेगाहर्ट्झपर्यंत सगळी मोकळी जागा, कोणी ७.०८५ वर बसलाय, कोणी ७.०९१ आणि थोडं वर, कोणाचा रिग जुना आहे म्हणून तो ३०० हर्ट्झ खाली वाजतोय. इथे हँडीची सवय घेऊन आलेला माणूस ७.१०० असा गोल आकडा दाबतो आणि सीक्यू, म्हणजे कोणी आहे का अशी हाक, द्यायला लागतो, आणि ७.०९८५ वर दोघं तासभर गप्पा मारत बसलेले असतात त्यांच्या अंगावर जाऊन पडतो. एसएसबीचा, म्हणजे एचएफवर बोलायच्या नेहमीच्या पद्धतीचा, सिग्नल पावणेतीन किलोहर्ट्झ जागा खातो, दीड किलोहर्ट्झ अंतर म्हणजे दुसऱ्याच्या मांडीवर बसण्यासारखंच आहे. नॉब फिरवत आला असता तर ते दोघं त्याला आधीच ऐकू आले असते.

ही मोकळी जागा पूर्वीच्या लोकांना नव्हती हेही खरं. सुरुवातीला क्रिस्टल, म्हणजे क्वार्ट्झच्या चकत्या असायच्या, एक क्रिस्टल एक फ्रिक्वेन्सी, दुसऱ्या महायुद्धानंतर मिलिटरी सरप्लसमधून क्रिस्टलचे ढीग बाहेर आले तेव्हा हॅम लोक ते उघडून काचेवर बारीक पावडर घेऊन घासायचे, घासलं की क्रिस्टल पातळ होतो आणि फ्रिक्वेन्सी वर सरकते, जास्त घासलं की संपलं, खाली आणायचा मार्ग फार कठीण. तेव्हा सीक्यू दिल्यावर लोक आपल्या फ्रिक्वेन्सीवर कोणी उत्तर देतंय का एवढंच ऐकायचे नाहीत, सगळा बँड फिरून ऐकायचे, कारण उत्तर देणाऱ्याकडे त्याचाच क्रिस्टल असायचा. मग एलसी व्हीएफओ आले, कॉइल आणि गँग कंडेन्सर, आणि ड्रिफ्टचं, म्हणजे फ्रिक्वेन्सी आपोआप सरकण्याचं, दुखणं सुरू झालं. पुण्यात हे दुखणं अनुभवलेली एक आख्खी पिढी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत भेटते अजून. जुन्या रेडिओतला गँग जुन्या बाजारातून रविवारी उचलायचा, तपकीर गल्लीतून बाकी सामान, घरी येऊन कॉइल गुंडाळायची, मग संध्याकाळी फॅन लावला की फ्रिक्वेन्सी सरकते, बंद केला की परत सरकते. एनपीओ किंवा स्टायरोफ्लेक्स कंडेन्सर वापरा, कॉइलवर मेण ओता, डबा पत्र्याचा आणि घट्ट करा, ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी कमी ठेवा कारण टक्केवारीतला ड्रिफ्ट तोच असला तरी पाच मेगाहर्ट्झवर तो पंधरापेक्षा एक तृतीयांशच असतो.

म्हणूनच हैदराबादच्या अशर फरहान यांनी, कॉलसाइन व्हीयू२ईएसई, बिटएक्स हा घरी बनवायचा एचएफ रिग डिझाइन केला तेव्हा वीस मीटरसाठी, म्हणजे चौदा मेगाहर्ट्झच्या बँडसाठी, चार मेगाहर्ट्झच्या आसपासचा व्हीएफओ आणि दहा मेगाहर्ट्झचा क्रिस्टल फिल्टर घेतला, बेरीज केली की चौदा. दहा मेगाहर्ट्झचे क्रिस्टल स्वस्त आणि कुठल्याही दुकानात मिळणारे. भारतातल्या किती लोकांनी त्या एका सर्किटवर एचएफ सुरू केलं असेल याची गणतीच नाही. पुढे त्याच घराण्यातल्या बोर्डांवर एसआय५३५१ ही फ्रिक्वेन्सी तयार करणारी चिप आणि अर्डुइनो हा छोटा प्रोसेसर बोर्ड आला आणि ड्रिफ्टचं प्रकरण संपलं, पण मजा अशी की बिटएक्स४० मधे ट्यूनिंगला साधा पॉट होता, व्हॉल्यूमसारखा, तो वाचून अर्डुइनो फ्रिक्वेन्सी ठरवायचा. आतून डिजिटल, हाताला अ‍ॅनालॉग. लोकांनी तिथे दहा फेऱ्यांचा पॉट बसवला आणि खूष झाले. मला विचाराल तर नवशिक्याने एकदा तरी असला रिग वापरावा, ज्यात आकडे दाबायची सोयच नाही.

आजच्या रिगमधे खरा व्हीएफओ नसतोच, नाव तेवढं राहिलंय, नॉब म्हणजे एन्कोडर, तो फक्त प्रोसेसरला सांगतो इकडे का तिकडे आणि किती. त्यामुळे एका फेरीत किती किलोहर्ट्झ जायचं हे आपल्या हातात आलं. माझ्या टेबलावर आयकॉमचा आयसी-७३०० आहे, त्यात स्क्रीनवरच्या आकड्यांनाच बोट लावायचं. मेगाहर्ट्झच्या आकड्याला बोट लावलं की बँड निवडायचा तक्ता उघडतो, किलोहर्ट्झच्या आकड्याला लावलं की मोठी स्टेप चालू, परत लावलं की बंद, हर्ट्झच्या आकड्यावर बोट दाबून धरलं की एकेक हर्ट्झने हलतो. हे मॅन्युअलमधे दोन ओळींत आहे आणि लोक वर्षानुवर्षं नॉब गरागरा फिरवत बसतात. बँडच्या तक्त्यात अजून एक गोष्ट दडलीय, प्रत्येक बँडला तीन जागा लक्षात ठेवल्या जातात, म्हणजे चाळीस मीटरवर एक सीडब्ल्यूची, म्हणजे मोर्सची, एक एफटी८ या कॉम्प्युटरवरच्या डिजिटल मोडची, एक बोलायची, मोड आणि फिल्टरसकट. त्याच बटणावरून त्या तिघांपैकी हवी ती बोलावता येते. मेमरी चॅनेलपेक्षा मला हे जास्त आवडतं कारण तिथे जाऊन परत नॉब मोकळा असतो, शेवटी जिथे सोडाल ती जागा लक्षात राहते. थेट आकडे टाकायचे तर त्याच तक्त्यात एफ-आयएनपी आहे. ते मी वापरतो ते फक्त कोणीतरी सांगितलं की अमुक ठिकाणी ये, तेव्हा. आणि बोलत असताना लॉक लावून ठेवा, बाही घासून नॉब हलतो आणि मग वाक्य अर्धवट तुटतं, समोरचा म्हणतो क्यूएसबी, म्हणजे सिग्नल कमीजास्त होतोय का.

आकड्यांवर विश्वास ठेवायचा पण डोळे झाकून नाही, हे मात्र एचएफवर लवकर शिकावं लागतं. डायलवर जे दिसतं ती कॅरियरची, म्हणजे मूळ लहरीची जागा, जी लहर एसएसबीमधे तुम्ही पाठवतच नाही. चाळीस मीटरवर एलएसबी, म्हणजे खालची बाजू, तुमचा आवाज डायलच्या खाली तीन किलोहर्ट्झ पसरतो. म्हणजे डायलवर ७.००१ ठेवून बोललात तर डिस्प्ले बँडच्या आत आणि आवाज बाहेर. वीस मीटरवर यूएसबी, म्हणजे वरची बाजू, तिथे वरच्या टोकाला तेच, १४.३५० पर्यंत बँड असला तरी डायल १४.३४७ च्या पुढे नेऊ नये. दहा मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी आणि वर यूएसबी ही आवाजासाठीची पद्धत, डिजिटलला मात्र सगळीकडे यूएसबी. सीडब्ल्यूत तर आणखी वेगळं, तुम्हाला ६०० किंवा ७०० हर्ट्झचा टोन ऐकू येतो तो रिगने मुद्दाम सरकवून दाखवलेला असतो, समोरच्याच्या बरोबर अंगावर यायचं तर त्याचा टोन तुमच्या साइडटोनशी, म्हणजे स्वतः मोर्स पाठवताना ऐकू येणाऱ्या सुराशी, जुळवायचा, झिरो बीट म्हणतात ते. ज्यांचा कान सुरात आहे त्यांना हे पटकन येतं, बाकीच्यांसाठी ऑटो ट्यूनचं बटण आहे.

आणि डिस्प्ले स्वतः खरा बोलतोय का हे तपासायचं असेल तर दहा मेगाहर्ट्झवर जा. चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं स्टेशन तिथे असतं, संध्याकाळी पुण्यात बऱ्याचदा टक टक छान ऐकू येतं. यूएसबीत डायल ९.९९९ वर ठेवा, रिग बरोबर असेल तर कॅरियरची शिट्टी बरोबर १००० हर्ट्झची वाजेल. मोबाइलवर फुकटचं स्पेक्ट्रम अ‍ॅप घ्या आणि मोजा. ९८० आली तर तुमचा रिग वीस हर्ट्झनी चुकतोय, आता पेचकस घ्यायचा का मेनू उघडायचा ते रिगच्या वयावर.

आरआयटी, काही रिगवर क्लॅरिफायर लिहिलेलं असतं, हे छोटं बटण लोकांना कळत नाही म्हणून दोन शब्द. समोरच्याचा आवाज जरा किनरा किंवा घोगरा येतोय, म्हणजे तो थोडा सरकलेला आहे. तुम्ही मोठा नॉब फिरवून त्याला नीट केलंत तर तुमचं ट्रान्समिट पण सरकलं, आता तुम्ही त्याला किनरे ऐकू येता, तो त्याचा नॉब फिरवतो, परत तुम्ही, आणि बोलता बोलता दोघं मिळून बँडवर चालत निघता, अर्ध्या तासात शेजारच्या गप्पांत घुसता. आरआयटी फक्त ऐकायची जागा हलवतं, बोलायची तिथेच राहते. संपल्यावर शून्य करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या माणसाला तुम्ही उत्तर द्याल आणि तो म्हणेल कोण बाजूला कुजबुजतंय.

स्प्लिट म्हणजे याचंच मोठं रूप. दूरच्या एखाद्या बेटावर कोणी डीएक्सपेडिशन केलीय, म्हणजे खास तिथे जाऊन रेडिओ लावलाय, १४.१९५ वर बोलतोय आणि म्हणतोय अप फाइव्ह टू टेन. म्हणजे तो १४.१९५ वर बोलणार पण ऐकणार १४.२०० ते १४.२०५ मधे. ए व्हीएफओवर त्याला ठेवा, ए=बी दाबा म्हणजे बी पण तिथेच आला, मोड पण तोच आला, मग बी वर न्या आणि स्प्लिट चालू करा. बरेच जण इथेच घाई करतात. खरी गंमत पुढे आहे, एक्सएफसी किंवा तत्सम बटण दाबून धरलं की बी वर काय चाललंय ते ऐकू येतं, आणि त्याने आत्ता ज्याला रिपोर्ट दिला तो कुठे बोलत होता ते शोधायचं. एकदा १४.२०१, मग १४.२०२, मग १४.२०३, म्हणजे साहेब वर वर चाललेत, तुम्ही पुढच्या पायरीवर जाऊन थांबा. शंभर वॅट आणि गच्चीवरचा डायपोल अँटेना घेऊन ओरडत बसण्यापेक्षा हे कधीही चांगलं. आणि जो स्प्लिट न लावता थेट त्याच्याच फ्रिक्वेन्सीवर ओरडतो त्याला मग जगभरातून अप अप असे हाकारे येतात, आणि ते हाकारे देणारे पण त्याच फ्रिक्वेन्सीवर देतात, त्यामुळे आता कोणालाच काही ऐकू येत नाही. चालायचंच.

वॉटरफॉलने सगळं बदललं हे मात्र मानावं लागेल. स्क्रीनवर आख्खा बँड दिसतो, कुठे सिग्नल आहे ते दिसतं, बोट लावलं की तिथे. पुण्यात राहणाऱ्याला याचा वेगळाच उपयोग, आवाज कुठे नाही ते दिसतं. आमच्या सोसायटीत एलईडी दिवे, लिफ्टचा ड्राइव्ह, समोरच्या बिल्डिंगवर सोलरचा इन्व्हर्टर, यांच्या उभ्या रेघा ठराविक अंतराने वॉटरफॉलवर पसरलेल्या असतात आणि त्या हळूहळू सरकतात पण. सीक्यू द्यायला जागा निवडताना मी दोन रेघांच्या मधली जागा घेतो, समोरच्याला काही फरक पडत नाही पण मला तो ऐकू येतो. नुसतं बोट लावण्यात एक खोट आहे, बोट जाडं असतं, आणि रिग स्टेपच्या हिशोबात जवळपास नेतो. शेवटचे दोनशे हर्ट्झ कानानेच जुळवायचे.

एफटी८ वाल्यांनी तर नॉबला हातच लावायचा नसतो. डायल ७.०७४ किंवा १४.०७४ वर ठेवायचा आणि विसरायचा, सगळे त्याच डायलवर. मग निवड कुठे होते तर आवाजाच्या आत, साधारण २०० ते २८०० हर्ट्झच्या मधे, प्रत्येक सिग्नल जेमतेम ५० हर्ट्झ रुंद, माउसने वॉटरफॉलवर मोकळी जागा बघून शिफ्ट धरून क्लिक करायचं. १५०० वर क्लिक केलंत तर तुम्ही खरे ७.०७५५ वर आहात. होल्ड टीएक्स वर टिक लावून ठेवा, म्हणजे कोणाला उत्तर देताना तुमची जागा त्याच्यावर उडी मारत नाही. आणि सॉफ्टवेअरमधे स्प्लिट चालू केलं असेल तर ट्रान्समिट होताना डायलचे आकडे ५०० हर्ट्झच्या पटीत उडतात, ते बघून बरेच जण घाबरतात. सॉफ्टवेअर तुमचा आवाज १५०० ते २००० च्या मधे ठेवायला ते करतं, म्हणजे ऑडिओचा हार्मोनिक फिल्टरच्या बाहेर पडतो आणि हवेत जात नाही. हुशारीचं काम आहे. यातला एफ म्हणजे स्टीव्ह फ्रँके आणि टी म्हणजे जो टेलर, तोच ज्याला १९९३ मधे जोडपल्सार, म्हणजे जोडीने फिरणारा रेडिओ तारा, शोधल्याबद्दल फिजिक्सचं नोबेल मिळालं, आणि पल्सार शोधायचे तर आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटरच्या तीस डिशेस आहेतच. जाता जाता सांगतो, त्या भागात ट्रेकला गेलात तर सत्तर सेंटीमीटरवर हँडी दाबत बसू नका, त्यांचा एक बँड २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा आहे आणि त्यात आपण अलगद बसतो.

मेमरीवर मी इतका वेळ नाक मुरडलं पण एका ठिकाणी मेमरीशिवाय पान हलत नाही, सॅटेलाइट. स्पेस स्टेशनवरचा रिपीटर घ्या, वर बोलायचं १४५.९९० वर ६७ हर्ट्झ टोन लावून, खाली ऐकायचं ४३७.८०० वर. स्टेशन तुमच्याकडे येत असताना डॉपलरमुळे, म्हणजे वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकल्यासारखी वाटते म्हणून, ते दहा किलोहर्ट्झ वर ऐकू येतं आणि जाताना दहा खाली, आणि सगळा पास दहा मिनिटांचा. त्यात मेनू उघडून काय करणार? म्हणून आधीच पाच मेमरी भरायच्या, ऐकायला ४३७.८१०, ४३७.८०५, ४३७.८००, ४३७.७९५, ४३७.७९०, आणि बोलायला पाचही ठिकाणी तेच १४५.९९०, कारण दोन मीटरवर डॉपलर साडेतीन किलोहर्ट्झच असतो आणि एफएम तेवढा खपवून घेतं. चायनीज हँडीत असा चॅनेल भरायला एकाच नंबरवर दोनदा सेव्ह करावं लागतं, आधी ऐकायची आणि मग बोलायची फ्रिक्वेन्सी. मग वेताळ टेकडीवर मोकळ्या जागी उभं राहायचं, स्क्वेल्च, म्हणजे खरखर बंद ठेवणारी सोय, शून्य, आणि आवाज फाटायला लागला की बाण एकदा खाली. मॉर्निंग वॉकवाले विचारतात काय शोधताय, अँटेना हातात असल्यामुळे काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी बनवलेला स्वयम् २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला ते सांगितलं की मग लोक थांबून ऐकतात, आपल्या शिवाजीनगरचा सॅटेलाइट म्हटल्यावर.

राहता राहिलं ते खरं निवडणं, म्हणजे बटण कुठलं ते नाही तर जायचं कुठे. दुपारी चाळीस मीटरवर नागपूर, हैदराबाद, बंगळूर मजेत मिळतात, संध्याकाळी बँड लांबचा होतो आणि जवळचे गायब होतात, मग ऐंशी मीटरवर उतरायचं. वीस मीटर दुपारनंतर युरोपकडे उघडतो. अंदाज घ्यायला १४.१०० वर थोडा वेळ बसा, तिथे जगभरातले अठरा बीकन, म्हणजे आपोआप वाजणारी खुणेची स्टेशनं, एकामागून एक दहा दहा सेकंद वाजतात, तीन मिनिटांत फेरी पूर्ण. प्रत्येक जण आपला कॉलसाइन शंभर वॅटवर देतो आणि मग चार लांब डॅश, शंभर, दहा, एक आणि शेवटचा एक दशांश वॅटचा. श्रीलंकेचा ४एस७बी आपल्याला बहुतेक वेळा येतोच, त्याने हुरळून जाऊ नका, दूरच्यांपैकी कोणाचा एक वॅटचा डॅश ऐकू आला तर मात्र लगेच सीक्यू द्यायला जा. ७.११० आणि १४.३०० च्या आजूबाजूला उगाच ठाण मांडू नका, आणीबाणीच्या कामासाठी आपल्या आशिया-पॅसिफिक रीजनमधे ती ठरलेली केंद्रं आहेत.

जागा सापडली की मिनिटभर गप्प ऐका, कारण दोघांपैकी एक तुम्हाला ऐकू येत नसेल आणि तोच आत्ता बोलत असेल. मग विचारा, फ्रिक्वेन्सी बिझी आहे का, कॉलसाइनसकट, सीडब्ल्यूवर क्यूआरएल आणि प्रश्नचिन्ह. थांबा. परत एकदा विचारा. कोणी हो म्हटलं तर वाद न घालता तीन किलोहर्ट्झ सरका, रविवारी सकाळी चाळीस मीटरवर असं सरकत सरकत ७.१९० पर्यंत जायची वेळ येते, तिथेही जागा नसेल तर चहा करा, दहा साडेदहाला बरेच जण उठून मंडईत जातात.